शाळेचा मेसेज नेमका कुणाच्या फोनवर येतो?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

कर्जत लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, खोपोलीच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ऐकत असाल, नाहीतर रिसॉर्टवरची ड्युटी संपवून बाईक लावता लावता, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे प्राथमिक शाळा आणि पालक. लगेच पुढचा भाग लावू नका! मला माहितीय, ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांची लग्नंसुद्धा झालेली नाहीत. तरी हा भाग तुमच्यासाठीच आहे. का, ते सांगतो.

आत्ता व्हॉट्सॲप उघडा आणि 'शाळा' किंवा 'पालक' असं सर्च करून बघा. 'इयत्ता पहिली पालक', 'जि. प. शाळा अमुकवाडी' असा एखादा ग्रुप निघेल. पुतण्याचा असेल, भाचीचा असेल, धाकट्या भावाचा असेल. आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात हे सर्रास दिसतं. मूल एकाचं आणि मोबाईल दुसऱ्याचा. दाखल्याच्या वेळी फॉर्मवर व्हॉट्सॲप नंबर मागतात. घरात धड चालणारा स्मार्टफोन एकच, तो काकाचा किंवा मामाचा. झालं, त्याचा नंबर 'पालक' म्हणून लागला.

माझंही तेच आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, नोकरी नवी मुंबईत, आठवड्यातले काही दिवस घरून काम. भाची दुसरीत आहे आणि तिच्या वर्गाचा ग्रुप माझ्या नंबरवर. ताईकडे बटणांचा फोन. जुलै महिन्यात सकाळी दहाला बाईंचा मेसेज येतो, 'उद्या आरोग्य तपासणी, पालकांनी उपस्थित राहावे.' त्या वेळी मी मीटिंगमध्ये आणि ताई लावणीला. बाईंच्या फोनवर दोन टिक दिसतात. थोड्या वेळाने त्या निळ्या होतात. बाईंना वाटतं, पालकांना कळलं. पण पालक चिखलात उभी आहे आणि तिला यातलं काहीच माहीत नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर पाकीट राउटरपर्यंत पोचलं, कॉम्प्युटरपर्यंत नाही. आणि मंडळी, या सगळ्यात राउटर आहात तुम्ही. म्हणून तर हा भाग तुमच्यासाठी. आमच्या घरी आता ठरूनच गेलंय. शाळेचा मेसेज आला की दुपारच्या सुट्टीत मी ताईला फोन करतो, मेसेज वाचून दाखवतो आणि तिचं जे उत्तर असेल ते बाईंना कळवतो. दोन मिनिटांचं काम आहे. ते केलं नाही, तर निळ्या टिकला काहीही अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. पालकांना शाळेची खबर देणं हा शिक्षकांचा मोठेपणा आहे का? नाही, ते त्यांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं कलम २४ शिक्षकांची कामं सांगतं. वेळेवर येणं आहे, अभ्यासक्रम पूर्ण करणं आहे, आणि त्याच यादीत हेही आहे की पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि मुलाबद्दलची इतर महत्त्वाची माहिती त्यांना द्यायची. 'इतर महत्त्वाची माहिती' हे शब्द लक्षात ठेवा. मूल गप्प गप्प राहतंय, डबा तसाच परत नेतंय, मागच्या बाकावरून फळा दिसत नाहीये, हे सगळं त्यात येतं.

याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे महिन्यातून किमान एकदा तिची बैठक व्हायला हवी. गावात चार जणांना विचारा, समितीत कोण आहे? सरपंचाचं नाव पटकन सांगतील, समितीचं नाव काढलं की एकमेकांकडे बघतील. काही ठिकाणी सहीचं रजिस्टर घरोघरी फिरतं आणि बैठक 'झाली' असं होतं. सही करणाऱ्या आईला विचारलं, "कशावर सही केलीस?" तर ती म्हणते, "गुरुजींनी सांगितलं म्हणून केली." हा गुरुजींचा एकट्याचा दोष नाही. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचे हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात निवडणुकीचं काम. तो माणूस तरी कुठे कुठे पुरणार? पण त्यामुळे आईला कळण्याचा हक्क संपत नाही.

आपल्या भागात शाळा ही फक्त सरकारची गोष्ट कधीच नव्हती. माथेरानच्या भाई कोतवालांनी इथल्या शेतकऱ्यांसाठी, आदिवासींसाठी स्वयंस्फूर्तीने शाळा सुरू केल्या होत्या. २ जानेवारी १९४३ ला ते सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपण भाषणांत ऐकतो. शाळांचं काम मात्र भाषणात एका वाक्यात उरकतं. ज्या मातीत लोकांनी स्वतः शाळा चालवल्या, तिथे पालकाने शाळेच्या दारात चप्पल काढून गप्प उभं राहावं, हे मला पटत नाही.

बरं, खबर म्हणजे नेमकी कसली खबर? मी चार कप्पे करतो.

पहिला कप्पा, रोजचं. मूल शाळेत आलं का, काय शिकलं, काय जेवलं. पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, त्यासाठी रोजचं धान्य १०० ग्रॅम. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात एका शिक्षकाने, ते चाखून बघायचं असतं. पालकही जाऊन चव घेऊ शकतात. कधी गेलात? एकदा जाऊन बघा. भांडायला नका जाऊ, जेवायला जा. स्वयंपाकीण मावशींशी दोन शब्द बोला. कुठलं मूल दोनदा भात मागतं आणि कुठलं ताट तसंच ठेवतं, हे त्या मावशींना गुरुजींच्या आधी माहीत असतं.

दुसरा कप्पा, तब्येत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा मुलं तपासतात. डोळे, कान, दात, त्वचा, हृदय, रक्त कमी आहे का, बोलण्यात-चालण्यात काही अडचण आहे का. काही सापडलं तर पुढचे उपचार मोफत. गाडी कुठे अडते? तपासणी होते, चिठ्ठी मिळते, चिठ्ठी दप्तरात जाते आणि पावसात भिजून लगदा होते. मुलाला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात घेऊन जायचं होतं, हे आईला कळतच नाही. एका चिठ्ठीचा फोटो योग्य माणसापर्यंत गेला, तर एखाद्या मुलाला वर्षभर आधी चष्मा मिळतो. जंतनाशक गोळीचंही तसंच. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये ती देतात. कशाची गोळी हे घरी आधी सांगितलेलं नसलं की पालक घाबरतात आणि त्या दिवशी मुलाला शाळेतच पाठवत नाहीत.

तिसरा कप्पा, तातडीचं. आपल्याकडे म्हणजे पाऊस. उल्हास नदीचं पाणी चढायला लागलं की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, तो आदेश अलिबागहून निघतो आणि वाडीवर पोचेपर्यंत मुलं छत्री घेऊन ओढा ओलांडत असतात. उलटंही होतं. मागच्या वर्षीचं पत्र तारखेवर बोट ठेवून फिरवलं जातं आणि शाळा चालू असताना मुलं घरी बसतात. म्हणून सांगतो, सुट्टीचं पत्र पुढे ढकलण्याआधी तारीख बघा आणि मुख्याध्यापकांना एक फोन लावा. खोटी बातमी किती महाग पडते हे महाराष्ट्राने बघितलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा आणायचं ठरवलं. आपल्या मुलांच्या काळजीपोटीच लोक असे मेसेज ढकलतात. काळजी खरी असते, मेसेज खोटा असतो.

चौथा कप्पा सगळ्यात अवघड. मनातलं. मूल घाबरलंय का, कुणी मारतंय का, कुणी नको तिथे हात लावतंय का. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, आपली कर्जत लाईन तासन्‌तास बंद होती. तुमच्यातले कित्येक जण त्या दिवशी अडकले असतील. मला त्यातली एक गोष्ट सारखी आठवते. शाळेत काय झालं ते शाळेकडून कळलं नाही, मुलींच्या बोलण्यातून घरच्यांना कळलं. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची खबर उलट दिशेने येते, मुलाकडून पालकाकडे आणि पालकाकडून शाळेकडे. आपण सगळे शाळेकडून घराकडे जाणाऱ्या मेसेजबद्दल बोलतो. घराकडून शाळेकडे जाणारा रस्ता मोकळा आहे का, हे कुणी बघतच नाही.

त्यासाठी काही व्यवस्था कागदावर आहेत. शाळेत तक्रारपेटी असायला हवी, 'सखी सावित्री' समिती असायला हवी. कायद्याचं कलम १७ सांगतं की मुलाला मारणंही चालणार नाही आणि मानसिक त्रास देणंही नाही. आणि लैंगिक अत्याचाराबद्दल पोक्सो कायदा, २०१२ चा, अगदी स्पष्ट आहे. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. 'शाळेचं नाव जाईल', 'गावात मिटवू' हे चालत नाही. आणि त्या मुलाची ओळख कुठेही उघड करायची नाही. ग्रुपवर नाव, फोटो, वर्ग, काहीही टाकायचं नाही. रागाच्या भरात टाकणारे लोक मुलाचंच नुकसान करतात. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. चोवीस तास, मोफत. आत्ता सेव्ह करून ठेवा.

मूल आपणहून सांगेल असं होत नाही, विचारावं लागतं. पण "आज काय शिकवलं?" विचारलं की "काय नाय" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "आज कुणाच्या बाजूला बसलीस?", "खेळताना कोण पडलं?", "आज शाळेत कुणाचा राग आला?" असं विचारून बघा. माझी भाची या तिसऱ्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलते. त्यातली नऊ मिनिटं पेन्सिलीच्या टोकाबद्दल असतात. ती नऊ ऐकली की दहावं मिनिट आपोआप येतं.

आता ज्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही, त्यांच्याबद्दल. आपल्याकडचे कातकरी बांधव दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मुलं त्यांच्याबरोबरच. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव असतं, बाक रिकामं असतं. मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, दाखला उशिरा आला म्हणून त्याला कुणी अडवू शकत नाही. स्थलांतरित मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. मूल कितवीत आहे, काय काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण हे कार्ड मागायचं असतं हे आईबापांना कोण सांगणार? ग्रुपवर ते नाहीतच. ट्रक वाडीवर येतो आणि घर रिकामं होतं. तिथे माणसानेच जावं लागतं, ट्रक यायच्या आधी.

आश्रमशाळेतल्या मुलांचंही तेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. एरवी आपण म्हणतो, मूल घरापासून लांब आहे, आईबापांना त्याची खबर मिळत नाही. त्या मुलांना त्यांच्या आईबापांची खबर कुणीतरी शाळेत जाऊन द्यावी लागली असेल. हे ऐकायला जड आहे, पण सांगतो अशासाठी की शाळा आणि घर यांच्यातला धागा ही दाखवायची गोष्ट नाही. वेळ येते तेव्हा तोच एक हातात असतो.

आता माझ्या क्षेत्रातला प्रश्न. "मग तू ॲप का बनवत नाहीस?" मला हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं. उत्तर देतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्स्वाना देशात एक प्रयोग झाला. काही पालकांना दर आठवड्याला गणिताचा एसएमएस पाठवला. काहींना एसएमएससोबत पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. नुसत्या एसएमएसने म्हणावा तसा फरक पडला नाही. ज्यांना फोन गेला त्यांची मुलं गणितात पुढे गेली. यावरचा लेख २०२२ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर' या नियतकालिकात आला. तिकडे स्मार्टफोनसुद्धा लागला नाही, साधे फोन होते. म्हणजे फरक ॲपने पडला नाही, समोरून कुणीतरी "मग, जमलं का?" असं विचारल्याने पडला. ॲप बनवायला मला दोन महिने लागतील. ताईच्या बटणांच्या फोनवर ते उघडणार कसं, याचं उत्तर दोन वर्षांतही मिळणार नाही.

त्यापेक्षा आहे तेच नीट वापरू. हे काम गुरुजींच्या डोक्यावर टाकायचं नाही, तुम्ही त्यांना मदत करायची आहे. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट. 'सर्व पालकांना सूचित करण्यात येते की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत...' इथपर्यंत येऊन निम्मे लोक थांबतात. त्याच्याऐवजी अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा. "उद्या बुधवारी अकरा वाजता डॉक्टर शाळेत येणारेत. मुलांचे डोळे, दात, कान बघणार. पोरांना सकाळी खायला घालून पाठवा. कुणाला काही त्रास असेल तर आई नाहीतर आजी, एकीने यावं." संपलं. वाचता येत नाही त्यालाही कळतं. ठाकरवाडीत त्यांच्या बोलीत सांगणारं कुणी असेल तर आणखी चांगलं.

काय ग्रुपवर टाकायचं नाही, तेही ठरवा. कुणाचं वजन कमी, कुणाला वाचता येत नाही, कुणाच्या डोक्यात उवा, हे चारचौघांत नाही. एखाद्या मुलाची यादीत शेवटची जागा सगळ्या गावाने बघितली, तर ते मूल उद्या शाळेत का येईल? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती हा नियम आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साधी लाज आहे ना! कौतुक ग्रुपवर, काळजी फोनवर. एवढं पाळलं तरी खूप.

आणि गुरुजींना, बाईंनाही जगू द्या. रात्री साडेदहाला 'उद्या डबा काय द्यायचा' विचारू नका, 'गुड मॉर्निंग'ची फुलं टाकू नका. फुलांच्या ढिगाखाली आरोग्य तपासणीचा मेसेज गाडला जातो, हे मी रोज बघतो.

तर या आठवड्यात तीन कामं. एक, तुमच्या फोनवर कुणाचा शाळेचा ग्रुप आहे ते बघा आणि त्या मुलाच्या आईला फोन करून विचारा, "तुला शेवटचं काय कळलं होतं?" दोन, शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी आईला किंवा वहिनीला तिथे सोडायला जा. तिची रोजंदारी बुडत असेल तर बैठक संध्याकाळी घेता येईल का, तेही विचारा. तीन, तुमच्या ओळखीत दिवाळीनंतर भट्टीवर जाणारं घर असेल तर शिक्षण हमी कार्डाचं आत्ताच त्यांच्या कानावर घाला. त्यांच्यासोबत शाळेत जा. एकटं जायला ते बिचकतात.

तुमच्या गावच्या शाळेत काय चालतं, काय अडतं, ते मला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मुलांची नावं नकोत, शाळेचंही नको. चांगलं काही चाललं असेल तर तेही सांगा, दुसऱ्या वाडीला उपयोगी पडेल. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवीन. चला, गाडी कर्जतला लागायच्या आत संपवतो. काळजी घ्या, आणि तो फोन आजच करा.